कोळंबीच्या ताटात सोयाबीन

सर्वपित्री अमावस्या दोन दिवसांवर आली होती. पालघर जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पावर मी पोहोचलो तेव्हा दुपारचं खाद्य टाकायची वेळ झाली होती. बांधावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खाद्याची पोती एकावर एक रचलेली होती. कामगाराने एका पोत्याची शिवण ओढून उसवली आणि घमेल्यात खाद्य ओतलं. मी मूठभर हातात घेतलं. तांदळाच्या दाण्याहून थोड्या जाड, तपकिरी, कडक कांड्या. वास अर्थातच सुक्या मासळीचा होता, जवळ्याच्या पाटीत नाक घालावं तसा. पण मूठ थोडा वेळ नाकाशी धरली तेव्हा त्या वासाखालून दुसरा एक वास वर आला, आणि तो माझ्या ओळखीचा निघाला. औसा तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात संध्याकाळी धार काढायच्या आधी म्हशीपुढे टोपल्यात जी पेंड ठेवत, तिचा तो वास होता.

लातूरच्या सोयाबीनची पेंड खाऊन खाडीतली कोळंबी वाढते, हे मला आकड्यांनी माहीत होतं. नाकाने कळलं ते त्या दिवशी.

पोत्यावर छापलं होतं: प्रथिने किमान ३५ टक्के. खाली स्निग्धांश, तंतू, ओलावा यांचे आकडे. ती प्रथिनं कशाची, मासळीची की पेंडीची, याबद्दल पोत्यावर एक अक्षर नव्हतं. प्रकल्प चालवणाऱ्या गृहस्थांना विचारलं तर ते म्हणाले, कंपनी सांगत नाही आणि आम्ही विचारतही नाही, कोळंबी खाते की नाही तेवढं बघतो. त्यांचं बरोबरच आहे. कोळंबी वाढवण्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक पैसा एकट्या खाद्यात जातो. पाण्यात पडलेली कांडी कोळंबीने खाल्ली नाही, तर ती तळाशी कुजून पाणी बिघडवते. म्हणजे नुकसान दोनदा होतं.

खाद्य टाकल्यावर दोन तासांनी त्यांनी चेक ट्रे वर काढून दाखवला. चौकटीला बारीक जाळी लावलेली चाळणीच ती. दोरीला बांधून तळाशी सोडायची, तिच्यात मोजून खाद्य टाकायचं आणि ठरल्या वेळेने वर खेचायची. ट्रेमध्ये आठ-दहा कोळंब्या उडत होत्या, काचेसारख्या पारदर्शक. त्यांनी एक उचलून उजेडाकडे धरली. पाठीतून शेपटीपर्यंत काळसर रेघ सलग दिसत होती. ते आतडं. रेघ भरलेली म्हणजे पोट भरलेलं. रेघ मध्येच तुटली असेल तर खाद्य तरी आवडत नाही, नाहीतर आजार तरी आहे. आज रेघ भरलेली होती. तरीही त्यांनी कामगाराला सांगितलं, उद्यापासून खाद्य कमी करा, अमावस्या आली. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी मोठ्या प्रमाणावर कात टाकते. कात टाकताना ती खात नाही. नवं कवच घट्ट होईपर्यंत तळाशी दबून राहते, कारण त्या मऊ अवस्थेत शेजारची कोळंबीही तिला खाऊन टाकते. वनस्पतीजन्य खाद्याचा सगळा पेच या कात टाकण्याशी जाऊन भिडतो. त्याकडे येतोच.

या तळ्यांत वाढते ती वेनामी. ही आपल्या समुद्रातली नव्हे. मेक्सिकोपासून पेरूच्या उत्तर टोकापर्यंतचा पॅसिफिक किनारा हे तिचं माहेर. आपल्याकडे आधी टायगर कोळंबी वाढवत. १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने टायगरची तळीच्या तळी मेली, आणि हा धंदा पुढची दहा-पंधरा वर्षं पडत-उठत राहिला. २००९ साली वेनामीला परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. २०२४-२५ साली भारताने ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली, तिची किंमत ४३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. यातला मोठा हिस्सा आंध्र प्रदेशाचा. भीमावरम आणि नेल्लोरकडची तळी विमानातून पाहिली तर जमिनीवर आरसे मांडल्यासारखी दिसतात. पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचा वाटा त्यामानाने लहान आहे. पण खाद्याचं पोतं तेच, आणि त्यातला प्रश्नही तोच.

टायगर मांसाहाराकडे झुकलेली, तिला प्रथिनं जास्त लागतात. वेनामी मिळेल ते खाते: तळाचा गाळ, शेवाळ, किडे, मेलेलं काहीही. म्हणूनच तिच्या ताटात मासळीच्या जागी पेंड वाढता आली. १९९०च्या दशकात कोळंबीच्या खाद्यात पाव हिश्शाहून अधिक माशाची पूड असे. आज बहुतेक वेनामी खाद्यात ती १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते, आणि रिकामी झालेली जागा मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीने भरली आहे. बाकी गव्हाचं पीठ, ज्याच्या चिकटपणामुळे कांडी पाण्यात तासन् तास फुटत नाही. थोडं माशाचं तेल, खनिजं, जीवनसत्त्वं.

माशाची पूड का कमी करायची, हे बघायला मिरकरवाड्याला जावं. रत्नागिरीच्या या बंदरात ट्रॉलर लागला की आधी पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी उतरते. बर्फ, लिलाव, आरडाओरडा. हे सगळं झाल्यावर तळाचा माल निघतो, त्याला कुटा म्हणतात. मी एका टोपलीपाशी उकिडवा बसून बघत राहिलो. बोटभर लांबीची राणी माशांची पिल्लं, करंगळीएवढे बांगडे, चिरडलेले खेकडे, वाकट्यांच्या चिंध्या, माकुलांचे तुकडे, आणि एक पापलेट, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. सहा महिने समुद्रात राहिलं असतं तर याच बंदरात त्याच्यासाठी बोली लागली असती. टोपली टेम्पोत रिकामी झाली. हा माल कारखान्यात शिजवतात, दाबून पाणी आणि तेल काढतात, वाळवतात, दळतात. साडेचार-पाच किलो ओली मासळी तेव्हा एक किलो पूड.

राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. नियम चांगला आहे. पण जोवर पिल्लांच्या टोपलीला गिऱ्हाईक उभं आहे, तोवर जाळ्याचे डोळे मोठे व्हायला मच्छीमाराकडे कारण नाही. मोठी मासळी कमी मिळते म्हणून डिझेलचा खर्च कुट्यावर भागवायचा, आणि कुटा उपसला म्हणून पुढच्या वर्षी मोठी मासळी आणखी कमी. मी ज्या तांडेलाशी बोललो त्याला हे माझ्याहून चांगलं समजत होतं. तो माझ्याकडे न बघता जाळं आवरत राहिला.

आणि सगळाच काही कुटा नसतो. तारली हा गरिबाचा मासा. कोकणात, गोव्यात, खाली केरळपर्यंत ज्या घरात सुरमई परवडत नाही तिथे तारलीचं कालवण होतं, आणि पोषणात ती सुरमईला हार जात नाही. तीच तारली पुडीच्या आणि तेलाच्या कारखान्यांचीही लाडकी. केरळात २०१२ साली तारली जवळपास चार लाख टन मिळाली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. यात समुद्राच्या तापण्याचा, पावसाच्या लहरीचा वाटा मोठा आहे, सगळं खापर कारखान्यांवर फोडता येणार नाही. पण अशा वर्षी उरलेली तारली कुणाच्या ताटात जावी, हा प्रश्न मला साधा वाटतो आणि त्याचं उत्तरही. माणसाने खाण्याजोगा मासा माणसाने खावा.

एक हिशेब करू. वेनामीला एक किलो वाढायला साधारण १.४ किलो खाद्य लागतं असं धरा. खाद्यात ३० टक्के माशाची पूड असेल, तर एक किलो कोळंबीमागे ४२० ग्रॅम पूड, म्हणजे जवळपास दोन किलो ओला मासा. दोन किलो मासा देऊन एक किलो कोळंबी घ्यायची, हा सौदा कुठल्याही कोळिणीला विचारा, ती हसेल. पूड १५ टक्क्यांवर आणली की हिशेब एक किलोला एक किलोच्या आसपास येतो. ५ टक्क्यांवर आणली तर पावशेराहून थोडा जास्त मासा. पूड कमी करत जाण्याचं खरं मोल इथे आहे. माशाचं तेल यात धरलेलं नाही, त्याचं रडगाणं वेगळं आहे.

मासळी आणि सोयाबीन यांची गाठ कोळंबीने बांधलेली नाही. ती पडली पेरूच्या किनाऱ्यावर. तिथला अँकोव्ही हा बोटभर लांबीचा मासा थंड पाण्यात थव्याने राहतो. १९७०च्या सुमारास पेरूचे मच्छीमार वर्षाला एक कोटी टनांहून अधिक अँकोव्ही पकडत आणि जवळजवळ सगळ्याची पूड करून युरोप-अमेरिकेच्या कोंबड्या-डुकरांना पाठवत. १९७२ साली एल निनो आला. पाणी तापलं, थवे विखुरले, वर्षभरात पकड वीस लाख टनांवर कोसळली. पूड मिळेना तशी जगभरच्या पशुखाद्यवाल्यांनी सोयाबीनच्या पेंडीकडे धाव घेतली. सोयाबीनचे भाव असे चढले की जून १९७३मध्ये अमेरिकेने निर्यातच थांबवली. मग जपानने ब्राझीलकडे बघायला सुरुवात केली आणि ब्राझीलच्या सोयाबीनला जोर चढला. त्या जोरात पुढे किती जंगल गेलं हे आपण वाचत आलो आहोत. पेरूत मासा हलला आणि ब्राझीलमध्ये झाड पडलं. वनस्पतीजन्य या शब्दानेच ज्यांना हायसं वाटतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. शेताचीही किंमत असते.

आपल्याकडचं सोयाबीन त्याच काळात मध्य प्रदेशात रुजत होतं. तिथून ते विदर्भात उतरलं, मग मराठवाड्यात. आमच्या घरी ते आलं तेव्हा मी शाळेत होतो. शंभर-एकशेदहा दिवसांत निघतं, दिवाळीला हातात पैसा येतो, मागून हरभरा घेता येतो. मूग-उडीद आणि खरिपाची ज्वारी बघता बघता बांधापलीकडे गेली. पिवळं सोनं म्हणत लोक त्याला. माणसं सोयाबीनकडे तेलबी म्हणून बघतात, पण शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. ऐंशीच्या आसपास निघते पेंड. सोयाबीनचा भाव बघायचा तर पेंडीचा भाव बघावा, हे लातूरच्या मोंढ्यातला कुठलाही आडत्या सांगेल. तो पेंड म्हणत नाही, डीओसी म्हणतो. विदर्भात गेलात तर ढेप.

सॉल्व्हंट प्लँट आतून पाहण्यासारखा असतो. सोयाबीन चाळून, भरडून, टरफल काढून रोलरखाली जातं आणि बाहेर पडतं ते हुबेहूब पिवळसर पोह्यांसारखं. मी हातात घेतले, कोमट होते, बोटांना तेल लागलं. हे पोहे हेक्झेनने धुतात, त्यात तेल उतरतं. उरलेला चोथा वाफेवर भाजतात. ही भाजणी फार महत्त्वाची. कच्च्या सोयाबीनमध्ये असे पदार्थ असतात जे पोटातल्या पाचकरसालाच बांधून ठेवतात, म्हणून कच्चं सोयाबीन कोंबडी किंवा कोळंबीसारख्या प्राण्यांना नीट पचत नाही. भाजणी कमी पडली तर ते शिल्लक राहतात. जास्त झाली तर लायसिन हे मोलाचं अमिनो आम्ल जळतं. प्रयोगशाळेतली मुलगी नळीत चिमूटभर पेंड घालून रंग बदलण्याची वाट बघत होती. तिच्या त्या पाच मिनिटांवर ट्रकभर माल पास किंवा नापास होतो.

चांगल्या पेंडीत ४६ ते ४८ टक्के प्रथिनं असतात. माशाच्या पुडीत ६० ते ६५. फरक नुसत्या आकड्याचा असता तर थोडी जास्त पेंड घालून भागलं असतं. तसं भागत नाही. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं. मग ते वेगळं विकत घेऊन मिसळा. कोंबडीला ते चालतं, कारण कोंबडी दाणा टिपून गिळून टाकते. कोळंबी तसं करत नाही. ती पुढच्या पायांत कांडी धरून फिरवत फिरवत कुरतडते, अर्धा-अर्धा तास. तोवर मिसळलेलं मेथिओनिन पाण्यात विरघळून निघून जातं. पाण्याला मेथिओनिन खाऊ घालायचं आणि पैसे शेतकऱ्याने मोजायचे. म्हणून आता ते सहज न विरघळणाऱ्या रूपात तयार करतात, आणि अर्थातच महाग विकतात.

दुसरी अडचण फॉस्फरसची. सोयाबीनमधला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या कुलपात असतो. कोळंबीकडे किल्ली नाही. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून तळाशी जातो आणि गाळ वाढतो. फायटेज नावाचं विकर मिसळलं की कुलूप उघडतं. हे आता सर्रास केलं जातं. वासाचीही गोष्ट आहे. कोळंबी डोळ्यांनी अन्न शोधत नाही, मिशांनी वास घेत येते. पेंडीला तिला ओढून घेणारा वास नाही, म्हणून माकूल किंवा कोळंबीच्याच डोक्यांची थोडी पूड घालावी लागते. माझ्या मुठीतला सुक्या मासळीचा वास बराचसा तिचाच असणार.

आता कात. कोळंबीचं कवच वाढत नाही. वाढायचं तर जुनं कवच टाकून नवं घडवावं लागतं, दर काही दिवसांनी, आयुष्यभर. कात टाकण्याची वेळ ठरवणारं संप्रेरक तिचं शरीर कोलेस्टेरॉलपासून बनवतं. आपल्याला रक्तात नको असणारं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः तयार करतं. कोळंबीला ते तयारच करता येत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं, आणि वनस्पतींमध्ये ते जवळजवळ नसतं. निव्वळ पेंडीवर ठेवलेली कोळंबी उपाशी नसते, तिची आतड्याची रेघही भरलेली दिसेल, पण ती अंगातलं वस्त्र बदलू शकत नाही. म्हणून मासळी काढली की कोलेस्टेरॉल बाहेरून घालावं लागतं. ओमेगा-३ची तीच तऱ्हा. ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांचं, मासा ते खाऊन साठवतो. शेवाळापासून थेट तेल काढता येतं, मासा मध्ये आणायची गरज नाही. पण त्याचा भाव अजून पालघरच्या तळ्यापर्यंत उतरलेला नाही.

ही यादी ऐकून कुणाला वाटेल, मग निसर्गाविरुद्ध जाऊन पेंड खाऊ घालताच कशाला? मला तसं वाटत नाही. एक-एक कुलूप उघडत गेलं आहे आणि ते उघडण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी मत्स्यपालन संशोधन संस्थेत सोयाबीन, भुईमूग, मोहरी, सूर्यफुलाच्या पेंडी बुरशी लावून आंबवण्याचे प्रयोग झाले. आंबवल्याने पेंडीतले अपायकारक पदार्थ कमी होतात, प्रथिनं पचायला हलकी होतात आणि खाद्यातलं तिचं प्रमाण वाढवता येतं. इडली-ढोकळ्याच्या देशाला हे परकं नाही. याच संस्थेने देशी कच्चा माल वापरून वेनामी प्लस नावाचं स्वस्त खाद्यही तयार केलं. काही शेतकरी तळ्यात साखर कारखान्याची मळी सोडतात. तिच्यावर जिवाणू वाढतात, त्यांचे पुंजके कोळंबी खाते आणि तेवढं खाद्य वाचतं. भुईमुगाच्या पेंडीत बुरशीच्या विषाची भीती असते, सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, मोहरीला तिखटपणा. प्रत्येकीचा स्वभाव ओळखून तिला वळण लावावं लागतं.

माझी तक्रार विज्ञानाबद्दल नाही. ती वेगळी आहे, आणि ती मोंढ्यातली आहे.

२०२१चा उन्हाळा आणि पावसाळा आठवा. सोयाबीन चढत गेलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलं. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात विकायला दाणा नव्हता, माल व्यापाऱ्यांकडे आणि साठेबाजांकडे होता. पण गावोगाव आनंद होता, कारण शेतातलं पीक फुलावर होतं. पेंड महागली म्हणून कोंबडी आणि कोळंबीच्या खाद्याचे उत्पादक दिल्लीत गेले. ऑगस्ट संपायच्या आत सरकारने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, जे पेरायला आपल्या शेतकऱ्याला मनाई आहे. न्हावाशेवा बंदरात ती उतरणार, एवढी बातमी पुरेशी होती. नवं सोयाबीन मोंढ्यात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात पेंडीच्या साठ्यावर मर्यादा आली, वायदेबाजारही बंद केला. खाद्य महाग झालं की सरकारला कळतं. सोयाबीन स्वस्त झालं की ते कळायला फार वेळ लागतो. त्यानंतर मक्यापासून इथेनॉल काढायला सुरुवात झाली, त्याचा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि पेंडीची मागणी आणखी खाली ओढली गेली. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं गेलं. हमीभावाने द्यायचं तर ओलाव्याची अट. अट शिथिल होईपर्यंत गरजवंताने माल विकून टाकलेला.

कोळंबीवाल्याला मी यात खलनायक मानत नाही. त्याची बाजू त्या दिवशी बांधावर ऐकली. २७ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं आणि आपली सर्वाधिक कोळंबी तिथेच जात होती. व्यापाऱ्यांनी भाव पाडले होते. काउंटवर भाव ठरतो: किलोत तीस बसतात की साठ, यावर. मोठी व्हायला आणखी महिना ठेवावी तर खाद्य लागतं, आता काढावी तर भाव नाही. खाद्य किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त झालं तर त्याचा जीव भांड्यात पडेल. आणि ते पाच रुपये कुठून येतील, तर पेंडीतून. सोयाबीन पिकवणारा आणि कोळंबी वाढवणारा, दोघेही एकाच दोरीची दोन टोकं धरून उभे आहेत, मधली गाठ दोघांनाही दिसत नाही.

कोळंबीने सोयाबीनला भाव येईल, असंही मी म्हणणार नाही. पेंडीचं मोठं गिऱ्हाईक पोल्ट्री आहे, कोळंबी तिच्यापुढे चिमूटभर. पण कोळंबीला चांगली पेंड लागते: नीट भाजलेली, प्रथिनांचा आकडा पक्का, बुरशी नसलेली, आणि जगातले काही खरेदीदार जनुकीय बदल नसलेलं सोयाबीन मुद्दाम मागतात. आपलं सगळं सोयाबीन तसंच आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी चांगला दाणा वेगळा काढून, आंबवलेली पेंड करून थेट खाद्य कारखान्याला विकली तर किलोमागे काही जास्त पदरात पडेल. औसा-निलंग्याकडे गोदामं उभी आहेत, यंत्रं आली आहेत. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, परभणीला कृषी विद्यापीठ. या दोघांनी एका टेबलाशी बसून मराठवाड्याच्या पेंडीवर कोकणची कोळंबी वाढवून दाखवावी, असं मला फार वाटतं. आणि पोत्यावर छापावं, यात मासळी किती, पेंड किती आणि मासळी कुठली.

पालघरहून निघताना मूठभर खाद्य कागदाच्या पुडीत बांधून घेतलं होतं. आठवड्याने गावी गेलो. तोवर मराठवाड्यात अतिवृष्टीने आणि पुराने जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या शिवारात कमरेएवढं पाणी नव्हतं, पण सोयाबीन पाच दिवस चिखलात उभं होतं. शेंगांतून कोंब बाहेर आले होते. काकांनी वरच्या तुकड्यातलं जेवढं वाचलं तेवढं काढून अंगणात ताडपत्रीवर पसरलं होतं आणि दर तासाला पायाने उलथत होते. काका माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही.

मी पुडी उघडून दाखवली. वास येताच त्यांनी मान मागे घेतली. मग मी सांगितलं की यात आपली पेंड आहे, तेव्हा पुन्हा वाकून पाहिलं. हात लावला नाही.

"किती खातंय ते?"

मी हिशेब सांगितला. खाद्यात ३० टक्के पेंड धरली तर एक किलो कोळंबीमागे ४२० ग्रॅम पेंड. म्हणजे अर्धा किलोहून थोडं जास्त सोयाबीन. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे २८ रुपयांचं.

"आन् ती कोळंबी कशी किलो?"

ते सांगितलं. काका काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी ताडपत्रीवरचा मूठभर दाणा उचलला, एकेक करत काळा पडलेला बाजूला टाकू लागले. तळहातावर तेरा-चौदा चांगले उरले.

"हे चालंल का त्येला?"

चालेल, मी म्हणालो, पण नीट वाळलं पाहिजे, बुरशी आली तर कारखाना घेणार नाही. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेकडून पुन्हा भरून येत होतं. त्यांनी दाणे ढिगात टाकले, धोतराला हात पुसले आणि ताडपत्रीचं एक टोक धरलं. मी पुडी कट्ट्यावर ठेवून दुसरं धरायला गेलो.